यात्रा ज्याची, काम पाहुण्यांचं

शिनोलीच्या प्रज्ञाला कॉलेजने इंटर्नशिपला कुठे पाठवावं, तर तिच्या आईच्याच कंपनीत. वर्गातल्या मुली चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांत गेल्या. एक तर थेट हिंजवडीला काचेच्या इमारतीत गेली आणि पहिल्याच दिवशी तिथल्या कॉफीच्या मशीनचा फोटो ग्रुपवर टाकून मोकळी झाली. प्रज्ञाच्या वाट्याला आलं नारायणगावच्या अलीकडचं, हायवेला लागून असलेलं द्राक्षांचं पॅकहाऊस. तिथे तिची आई जानकाबाई वर्षानुवर्षं पांढरा अ‍ॅप्रन घालून, केसांवर जाळीची टोपी ओढून, घडातले खराब मणी कात्रीने काढत उभी होती. पुण्याला जाऊन समाजकार्य शिकायचं, त्यात कामगार संबंध हा विषय घ्यायचा, आणि शेवटी जायचं कुठे तर आईच्या जीपमधून आईच्याच कामावर. याचा अभिमान बाळगावा की लाज, हे प्रज्ञाला सुरुवातीचे काही दिवस ठरवता येईना.

जानकाबाईला असला काही प्रश्न पडला नव्हता. पहिल्याच सकाळी तिने जीपमधल्या बायकांना जाहीर करून टाकलं, की ही आता आपली साहेबीण, हिच्यासमोर जरा जपून. जेवते माझ्या घरी, पण तक्रार माझीच लिहील. तेव्हापासून गेटपर्यंत प्रज्ञा ‘पोरी’ असायची आणि गेटच्या आत पाऊल टाकलं की ‘म्याडम’ व्हायची. आई हे इतक्या गंभीर चेहऱ्याने म्हणायची, की नव्या सुपरवायझरला दोघींचं नातंच कळलं नाही.

तसं पाहिलं तर हा विषय पोरीच्या डोक्यात घातला होता जानकाबाईनेच. बाप पोपट गवंडी. घोडेगावपासून शिनोलीपर्यंतच्या निम्म्या घरांचा गिलावा त्याच्या हातचा. पोरीने इंजिनियर व्हावं, तिने नकाशे काढावेत आणि आपण भिंती उभ्या कराव्यात, असा त्याचा बेत होता. पण प्रज्ञा शाळेत असताना जानकाबाई संध्याकाळी घरी येऊन सुपरवायझर कसा ओरडला त्याची हुबेहूब नक्कल करायची. सगळे हसायचे, प्रज्ञा हसायची नाही. तू उलट का बोलत नाहीस, असं तिने एकदा विचारलं. त्यावर भाकरी थापता थापता आई म्हणाली, तिथं बोलायला शिकलेलं माणूस लागतं. हे वाक्य पोरगी इतकं मनावर घेईल याचा अंदाज असता, तर जानकाबाईने ते जरा जपूनच उच्चारलं असतं.

पॅकहाऊसचे एचआर म्हणजे पाध्ये साहेब. आधी ते अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत होते. माणूस वाईट नव्हता. आवाज चढवायचे नाहीत, चहा पाजल्याशिवाय कुणाला केबिनमधून सोडायचे नाहीत. फक्त जगातली कुठलीही अडचण एका नोटिशीने सुटते, असा त्यांचा ठाम समज होता. त्यांनी प्रज्ञाला समोर बसवलं आणि चैत्राची गोष्ट काढली.

जुन्नर-आंबेगावात चैत्र लागला की गावोगावच्या यात्रा सुरू होतात. आज या गावची, परवा त्या वाडीची. गावदैवताची पालखी, बैलगाड्यांच्या शर्यती, नारायणगावहून ठरवून आणलेला तमाशा आणि घरोघर पाहुण्यांच्या पंगती. ज्या गावची यात्रा, त्या गावचं माणूस त्या दिवशी कामावर जात नाही. नेमका त्याच वेळी द्राक्षांचा हंगाम संपत आलेला असतो आणि शेवटचे कंटेनर भरायची घाई असते. पॅकहाऊसमध्ये ज्या बायका एका जीपमधून येत, त्या एकाच टेबलावर उभ्या राहत. त्यामुळे यात्रेच्या दिवशी एक अख्खी लाइन रिकामी पडायची, आणि शीतगृहाबाहेर क्रेटवर क्रेट चढत जायचे. गेल्या हंगामात तर एका कंटेनरचं जहाजच हुकलं होतं.

मालकांनी आता निकराचं ठरवलं होतं. या चैत्रात एकदा जरी लाइन तुटली, तर पुढच्या हंगामापासून पॅकिंगचं काम कंत्राटदाराला. तो बाहेरून माणसं आणणार, शेडच्या मागे पत्र्याच्या खोल्या बांधून त्यांना तिथेच ठेवणार. गावच्या बायकांनी घरी बसायचं. पाध्ये म्हणाले, “मला हे नको आहे. पण मालकांना सांगायला माझ्याकडे काही नाही. बायका गैरहजर का राहतात ते शोध आणि तोडगा असेल तर आण.” प्रज्ञाने मान डोलावली. केबिनच्या काचेतून तिला शिनोलीचं टेबल दिसत होतं आणि त्या टेबलावर वाकलेली आईची पाठ.

तिने कॉलेजात शिकवलं होतं तसंच केलं. प्रश्नावली तयार केली आणि एकेकीला बोलावून कारणं विचारली. बायकांनी ती मनापासून सांगितली. कुणाला चक्कर येते, कुणाचं पोट धरतं, कुणाच्या सासूचं डोकं उठतं. पिंपळमळ्याच्या नंदाचे सासरे दर चैत्रात नेमाने आजारी पडत होते, आणि सासऱ्यांना जाऊन कैक वर्षं झाली होती. याच बायका संध्याकाळी जीपमध्ये बसल्या की यंदा कुणी कुठला तमाशा ठरवला आणि कुणाची बैलजोडी शर्यतीच्या घाटात पहिली येणार, यावर खालच्या पट्टीत एक शब्द बोलत नसत. प्रज्ञा त्याच जीपमध्ये मांडीवर प्रश्नावल्या घेऊन बसलेली असायची.

शेवटी तिने पाध्यांना सरळ सांगून टाकलं, की कुणी आजारी नाही, सगळ्यांना यात्रा आहे, आणि यात्रेला सुट्टी मिळत नाही म्हणून खोटं बोलावं लागतं. पाध्यांनी विचार केला आणि मोठ्या मनाने नोटीस काढली. चैत्र पौर्णिमेला पॅकहाऊस पूर्ण बंद, ही सर्वांसाठी यात्रेची सुट्टी. त्याखेरीज एकही गैरहजेरी चालणार नाही. प्रज्ञाला आभाळ ठेंगणं झालं. नोटीस तिने स्वतःच्या हाताने फळ्यावर लावली.

आता इथलीच पोरगी असून तिला यात काही खटकू नये, याचं नवल वाटेल. पण तिच्या घरचा मोठा दिवस म्हणजे चौदा एप्रिल. शिनोलीत जयंती त्याच दिवशी, घोडेगावात त्याच दिवशी, नागपुरात आणि मुंबईतही त्याच दिवशी. यात्रांना ती लहानपणापासून जायची, पण पाहुणी म्हणून. जेवायचं, पाळण्यात बसायचं, घरी यायचं. सगळ्यांचा दिवस एकच असण्यात अडचण ती काय, हे तिला कुणी सांगितल्याशिवाय सुचणार नव्हतं.

सांगणाऱ्या जेवणाच्या सुट्टीत भेटल्या. देवालाबी शिफ्ट लावली का, असं नंदाने फळ्यासमोर उभी राहून मोठ्याने विचारलं आणि अख्खी शेड हसली. हसली नाही ती म्हाळसाबाई. मेंढेवाडीच्या टेबलाची ती म्होरकी. घर धनगराचं, नवरा दादाभाऊ अजून मेंढ्यांमागे रानोमाळ फिरायचा, आणि वाडीच्या बिरोबाच्या यात्रेत देवाची काठी नाचवायचा मान तिच्या घरात होता. तो मान आता तिचा मुलगा बिरदेव सांभाळायचा. म्हाळसाबाई प्रज्ञाशेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, “पोरी, आमचा बिरोबा अष्टमीचा. त्यो नोटिशीनं पौर्णिमेला सरकतोय व्हय? आन् सरकला असं समज. समद्या गावांची यात्रा एकाच दिशी झाल्यावर पावणं कोण व्हायचं?”

संध्याकाळी जीपमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली, आणि आईनेही तिला चिडवलं नाही. पण तो शेवटचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. पाहुणं कोण व्हायचं? म्हणजे यात्रा वेगवेगळ्या दिवशी असतात त्या काही कंपनीला छळायला नव्हे. एका गावची यात्रा असते तेव्हा बाकीची गावं मोकळी असतात, आणि मोकळी असतात म्हणून पाहुणी जाऊ शकतात. रात्री जेवताना तिच्या हातातला घास तसाच राहिला. मेंढेवाडीची यात्रा असताना पिंपळमळा मोकळा. पिंपळमळ्याची असताना मेंढेवाडी मोकळी. पाहुणा नाहीतरी संध्याकाळीच जेवायला जातो. तो दिवसा यजमानाच्या टेबलावर उभा राहिला तर?

तिने हे आईबापाला सांगितलं. पोपट म्हणाला, हे म्हणजे आमच्या गवंड्यांसारखंच झालं, एकाच्या घरी कार्य असलं की दुसरा त्याची भिंत चढवतो. जानकाबाईने मात्र एकच अडचण काढली. म्हाळसाबाई आणि नंदा एकमेकींचं तोंड बघत नाहीत, त्यांचं काय करणार?

ते खरंच होतं. थंडीत दादाभाऊच्या मेंढ्या नंदाच्या उभ्या गव्हात शिरल्या होत्या. बांधावर दोन्ही घरांनी एकमेकांचा उद्धार केला, आणि तेव्हापासून त्या दोन टेबलांचा पाण्याचा जारसुद्धा वेगळा झाला होता. मालक आणि कामगार यांच्या मधे कसं उभं राहायचं ते प्रज्ञाला कॉलेजात शिकवलं होतं. गहू आणि मेंढ्या यांच्या मधे कसं उभं राहायचं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तरी तिने दोघींना एकत्र बसवून सहकार्यावर चार चांगले शब्द ऐकवले. ते संपेपर्यंत दोघीही वरच्या पंख्याकडे बघत होत्या.

मग तिने भाषण सोडलं. दुसऱ्या दिवशी एकट्या म्हाळसाबाईला गाठून एवढंच विचारलं, की तुमच्या यात्रेला तुमच्या टेबलावर कुणाचा हात चालेल? देवाधर्माचं, गव्हाचं काही नाही, फक्त हात. म्हाळसाबाईने बराच वेळ कात्री पुसली. मग म्हणाली, हात म्हणशील तर नंदाचाच, तिच्या कात्रीखाली चांगला मणी कधी फुटत न्हाई. प्रज्ञाने हे वाक्य जसंच्या तसं पिंपळमळ्याच्या टेबलावर नेलं. नंदाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण त्या दिवशी ती एकाही पोरीवर डाफरली नाही. जाताना म्हणाली, पनेटाच्या डबीत घड रचावा तर म्हाळसाबाईनं, पण हे तिला सांगू नका. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीच्या आत प्रज्ञाने ते म्हाळसाबाईला सांगितलेलं होतं. कोण कुणाबद्दल चांगलं बोललं ते वेळेवर पोहोचवणं हेही आपलंच काम आहे, हे तिला तेव्हा कळलं, आणि त्यात तिला भारी मजा येऊ लागली.

पाध्यांना मनवायला मात्र दोन चहा लागले. पाहुण्यांनी पॅकिंग करायचं, असं त्यांनी तीनतीनदा विचारून घेतलं. प्रज्ञाने समजावलं, की यात्रा नसलेल्या गावच्या बायका त्या दिवशी आपल्या जावा-नणंदांना घेऊन येतील. त्यातल्या बहुतेकींनी पूर्वी इथे काम केलेलं आहे. शिवाय सगळ्या जणी तासभर जास्त थांबतील. मोबदल्यात पौर्णिमेची नोटीस मागे घेऊन ज्या गावची यात्रा त्या गावाला रजा उघड द्यायची आणि सुट्टी झाली की जीप थेट यात्रेच्या गावाला सोडायची. पाध्यांनी मालकांना फोन लावला. मालक म्हणाले, करून बघा, पण अट तीच. एकदा लाइन तुटली की कंत्राटदार.

मग शेडमध्ये सगळ्यांची बैठक झाली. प्रज्ञा खडू घेऊन फळ्यासमोर उभी राहिली. गावाचं नाव, यात्रेचा दिवस आणि त्या दिवशी कोण येणार, असं ती लिहीत गेली. मेंढेवाडीला पिंपळमळा, पिंपळमळ्याला मेंढेवाडी आणि शिनोली. बायका मोठ्याने तिथी सांगत होत्या, एकमेकींना दुरुस्त करत होत्या, आणि वर्षानुवर्षं पोटदुखी सांगून काढलेला दिवस आता राजरोस फळ्यावर चढताना बघून हरखल्या होत्या. पाध्येसुद्धा खुशीत होते. फळा भरला.

भरला, पण प्रज्ञाला माहीत होतं की एक दिवस राहिलाय. तो तिच्याच घरचा होता. आपण ऑफिसच्या बाजूने उभ्या आहोत, मधल्या माणसाने स्वतःचं पुढे करू नये, लोक म्हणतील हा सगळा खटाटोप हिने आपल्या घरासाठी केला, असे सगळे विचार एकदम आले. तिने खडू खाली ठेवला.

“म्याडम,” मागच्या ओळीतून जानकाबाई म्हणाली, “खडू उचला. चौदा एप्रिल ऱ्हायला.”

मग नंदा म्हणाली, की ती काय गावची यात्रा नाही, ती तर सरकारी सुट्टी आहे. तिच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता, तिला तसंच वाटत होतं.

जानकाबाई उभी राहिली. “सुट्टी कॅलेंडरात हाय, नंदा. हितं न्हाई. दर सालाला सकाळची वंदना झाली की मी तशीच पांढऱ्या लुगड्यात जीपमधी चढते. तुमच्या समद्यांच्या यात्रांना मी हितं उभी व्हते, तुमचे क्रेट मी वढले. माझ्या दिसाला माझ्या जागी कोण हाय, एवढंच इचारते.”

आईची नक्कल बघून जिला हसू यायचं नाही, त्या पोरीच्या डोळ्यांसमोर ते सगळे चौदा एप्रिल उभे राहिले; मिरवणूक संपता संपता जीपमधून उतरणारी आई, आणि तिच्यासाठी झाकून ठेवलेलं ताट. शिकलेलं माणूस लागतं म्हणणारी आई आज स्वतःच बोलली होती. प्रज्ञाने खडू उचलला, मोठ्या अक्षरांत तारीख लिहिली आणि बायकांकडे वळून, ऑफिसच्या आवाजात विचारलं, “या दिवशी कोण येणार?”

म्हाळसाबाईचा हात वर झाला. पाठोपाठ तिच्या टेबलाचे झाले. नंदाने इकडे तिकडे पाहिलं.

“मग मी काय घरी बसू व्हय? लिवा माझंबी,” ती म्हणाली.

पहिली परीक्षा मेंढेवाडीच्या यात्रेला होती. त्या दिवशी प्रज्ञा आईबरोबर लवकर येऊन गेटवर उभी राहिली. शेजारी पाध्ये, आणि शेडची मापं घ्यायच्या निमित्ताने आलेला कंत्राटदार चहा पीत खुर्चीत बसलेला. मेंढेवाडीचं टेबल रिकामंच असणार होतं. ते भरायला पिंपळमळ्याहून दुप्पट बायका यायच्या होत्या. कामाची वेळ झाली तरी पिंपळमळ्याची जीप दिसेना. कंत्राटदाराने दुसरा चहा मागवला.

तेवढ्यात नंदाचा फोन आला. आम्ही कधीपासून फाट्यावर उभ्या आहोत, जीप कुठे आहे? आणि प्रज्ञाच्या पाचावर धारण बसली. फळ्यावर प्रत्येक बाईची सोय लावली होती. पण पिंपळमळ्याची जीप चालवायचा म्हाळसाबाईचा बिरदेव, आणि बिरदेव या क्षणी मेंढेवाडीत भंडाऱ्याने पिवळा होऊन देवाची काठी नाचवत होता. त्याच्या जागी कोण, हे विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं. खुद्द त्यालाही नाही. नारायणगावहून दुसरी गाडी पाठवायची म्हटलं तरी यात्रेच्या दिवसांत वडापची भाड्याची जीप रिकामी मिळत नाही. प्रज्ञाने घाबऱ्याघुबऱ्या आवाजात नंदाला हे सांगितलं. पलीकडून नंदा एवढंच म्हणाली, की बघते, आणि फोन ठेवला.

पाध्ये घड्याळाकडे बघत नव्हते, हेच जास्त भीतीदायक होतं. आतून जानकाबाई दोनदा दारापर्यंत येऊन गेली. आणि मग हायवेवरून कर्कश हॉर्न वाजवत एक पिकअप वळली. नंदाच्या दिराची, शर्यतीचे बैल घाटात न्यायची पिकअप. पुढे काचेवर झेंडूच्या माळा, बाजूला गुलालाचे हात उठलेले, मागे बैलांसाठी अंथरलेलं पाचट. आणि त्या पाचटावर दांड्याला धरून पिंपळमळ्याच्या सगळ्या बायका, जावा, नणंदा आणि एक हौशी चुलतसासू उभ्या. नंदा सर्वांत पुढे. गाडी गेटात शिरली तशी आतल्या बायका हात पुसत बाहेर धावल्या. जानकाबाईने तर चक्क शिट्टी वाजवली.

बैलबी कधी एवढ्या थाटात गेले न्हाईत, असं म्हणत नंदाने खाली उडी मारली. पाध्यांनी नाक मुरडलं, सगळ्यांना पाय आणि हात दोनदा धुवायला लावले, अ‍ॅप्रन नवे काढून दिले. पण ते हसत होते. मेंढेवाडीच्या टेबलावर नंदा म्हाळसाबाईच्या जागी उभी राहिली आणि दिवसभर तिने तिथून एकही कच्चं पनेट पुढे जाऊ दिलं नाही. तासभर जास्त थांबून सगळा माल शीतगृहात गेला. कंटेनर वेळेवर हलला. कंत्राटदार दुपारीच कधीतरी उठून गेला होता. त्याला निरोप द्यायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

संध्याकाळी तीच पिकअप मेंढेवाडीला गेली. म्हाळसाबाईने दारातच नंदाला हाताला धरून पुढच्या पंगतीत बसवलं आणि दादाभाऊने मटणाचा रस्सा स्वतःच्या हाताने तिला वाढला. गव्हाचा विषय कुणी काढला नाही. फक्त वाढताना दादाभाऊ म्हणाला, की औंदा मेंढ्या तुझ्या वावरावरनं न्हाई न्यायच्या. नंदा म्हणाली, गहू निघाल्यावर न्या की, खतच पडंल. असा तो तह झाला. पुढे पिंपळमळ्याची यात्रा झाली, शिनोलीची झाली. ड्रायव्हरचं नाव आता फळ्यावर सगळ्यांत वर असायचं. लाइन एकदाही तुटली नाही.

आणि चौदा एप्रिल आला. प्रज्ञाने त्या दिवशी ऑफिसला जायचं ठरवलं होतं; एचआरचं कुणीतरी हवं ना. पाध्यांनी आदल्या दिवशीच सुनावलं, की या दिवशी तूही पाहुण्यांच्या नाही, यजमानांच्या बाजूला आहेस, घरी थांब. सकाळी विहारात वंदना झाली. पांढरी साडी नेसलेली जानकाबाई सवयीने रस्त्याकडे वळली आणि मग आठवण होऊन हसली. दिवसभर ती वस्तीत नुसती मिरवत होती. भल्या मोठ्या कढईत खीर हलवत होती, पोरांना निळे झेंडे वाटत होती, मंडपाची दोरी चुकीची बांधली म्हणून पोपटला बोलत होती. प्रज्ञाने न राहवून पाध्यांना फोन केला. लाइन चालू आहे, आता पुन्हा फोन करू नकोस, असं म्हणून त्यांनी ठेवून दिला.

दिवस कलताना मिरवणूक निघायच्या बेतात होती आणि बिरदेवची जीप वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबली. मागून दुसरी. म्हाळसाबाई उतरली, नंदा उतरली, दोन्ही टेबलांच्या बायका उतरल्या. पुढच्या सीटवरून पाध्ये उतरले, हातात पेढ्यांचा पुडा. या बायका वस्तीत कधी आल्याच नव्हत्या असं नाही. निरोप द्यायला, जीप चुकली तर शोधायला आल्या होत्या. जेवायला आल्या नव्हत्या. जानकाबाई दारात उभी राहून बघतच राहिली. इतकी वर्षं ती सगळ्यांच्या यात्रेला जेवली होती, आणि तिच्या दाराला पाहुणा आज लागत होता.

पाध्यांनी पुडा प्रज्ञाच्या हातात दिला. “शेवटचा कंटेनर गेला. मालकांनी कंत्राटदाराला नाही म्हणून कळवलंय. पुढच्या हंगामाला हीच माणसं, आणि फळाही हाच.”

प्रज्ञाला हे ओरडून सगळ्या वस्तीला सांगावंसं वाटलं. पण तिच्या आधी बायकांनीच कल्लोळ केला, तिकडे हलगी कडाडली, आणि पोपटने मिस्त्रीकामाच्या आवाजात सतरंज्या टाकायचा हुकूम सोडला. पंगत बसली. म्हाळसाबाईने पदर सावरून मांडी घातली. नंदाने तिच्या शेजारी बसत ताट पुढे ओढलं आणि अजून दारातच उभ्या असलेल्या जानकाबाईकडे बघून म्हणाली, “बघत काय बसलीस? वाढ की. आज पावणं आमी हाय.”

जानकाबाईने डोळे पुसले, पुऱ्यांची पाटी कमरेवर घेतली आणि पंगतीत वाढायला सुरुवात केली.